बुळबुळीत विरजण दुधाला लावू नका

एप्रिल-मे महिन्यांत परभणीत पारा ४२-४४ अंशांवर जातो. त्यात वीज गेली की फ्रीज नावापुरता उरतो. सकाळी झाकण काढावं तर विरजणाला वेगळाच वास येतो. शेजारी लिटरभर दूध तापवून कोमट केलेलं असतं. हे विरजण लावावं की टाकून द्यावं?

नुसतं आंबट झालं असेल, वर पाणी सुटलं असेल तर घाबरू नका. उकाड्यात दह्याचे जिवाणू जास्त आम्ल तयार करतात, एवढंच. अर्धा चमचा विरजण वाटीभर कोमट दुधाला लावा, दही लागताच थंडाव्याला ठेवा. ताज्या दुधात असं दोन-तीनदा केलं की चव ताळ्यावर येते.

पण बुडबुडे आले, दारूसारखा वास आला, चमच्याला तार सुटली, चव कडवट लागली, तर त्यात दुसरेच जंतू शिरलेत. लुई पाश्चरने १८५६ साली फ्रान्समधल्या लील इथे बिटापासून दारू करणाऱ्याची बिघडलेली पिंपं तपासली, तेव्हा यीस्टच्या जागी दूध आंबवणारे जिवाणू माजलेले दिसले. आपल्या वाटीत नेमकं उलटं घडतं. आणि विरजणात जे शिरलं, ते उद्याच्या दह्यातही वाढतं.

बुरशीचा ठिपका काढून खालचं वापरणं तर अजिबात नको. मऊ पदार्थात तिचे तंतू खोलवर जातात. उकळूनही भागत नाही: काही जंतूंचं विष उकळीने जात नाही, आणि विरजणातले चांगले जिवाणू मात्र मरतात.

माहेरून आणलेलं, वर्षानुवर्षं चालत आलेलं विरजण टाकताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. मी एकदा बुरशी खरवडून तेच लावलं होतं. घरी पाहुणे आलेले, आणि पाच लिटर दूध ओतून द्यावं लागलं. लहान लेकरं, म्हातारी माणसं घरात असतील तर धोका दुधापुरता राहत नाही.

म्हणून चांगलं दही लागलं की दोन चमचे वेगळ्या डबीत काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. विरजणाची वाटी उकळत्या पाण्यातून काढा, उष्टा चमचा त्यात घालू नका. आणि शेजारणीने तिन्हीसांजेला विरजण मागितलं, तरी तिला नाही म्हणू नका; उद्या आपलं बिघडलं तर तिच्याकडूनच परत मागता येईल.