रेंज कुठे मिळते हो?

पूर्वी पाहुणा दारात आला की, त्याच्यापुढे गूळपाण्याचा तांब्या ठेवीत. हल्लीचा पाहुणा वहाणा काढता काढता प्रथम विचारतो, “रेंज कुठे मिळते हो?” मग यजमान त्याला सन्मानाने घेऊन जातात ते देवघराकडे नव्हे, दिवाणखान्यातही नव्हे, तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर, न्हाणीच्या खिडकीशी, नाही तर तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला. प्रत्येक घराची अशी एक जागा ठरलेली असते. शहरातील वाचकांना यात गंमत वाटेल. परंतु ज्यांचे आईवडील गावाकडे आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते चांगलेच ठाऊक आहे.

माझी मावशी साखरखेर्ड्याला राहते. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव सिंदखेडराजा तालुक्यात येते, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या मुलखात. इतिहासाच्या पुस्तकात या गावाला एक ओळ हमखास मिळते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान पडला, आणि दख्खनच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. विजयाच्या आनंदात निजामाने गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ ठेवले म्हणतात. पण लोकांनी साखर काही सोडली नाही! ती बातमी तेव्हा सांडणीस्वारांनी नि घोडेस्वारांनी मुलूखभर नेली असेल. तीनशे वर्षांनंतर त्याच गावातून मावशीची ‘मला ताप आला आहे’ एवढी बातमी पुण्याला पोहोचायला दोन दिवस लागले.

झाले असे की, गेल्या श्रावणात मावशी आजारी पडली. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. मोबाइल उशाशी होता. पण माजघरात रेंज नाही, आणि उठून अंगणात जाण्याचे त्राण नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीने पाहिले, डॉक्टर आणले, सारे निभावले. परंतु मावसभाऊ आणि मावसबहीण यांनी पुण्याला बसून निर्णय घेतला, की दिवाळीनंतर आईला इकडेच आणायचे. मुलांचे काय चुकले? आईचा फोन लागत नाही म्हटल्यावर कुणाला झोप येईल?

मावशीने मात्र मला निक्षून सांगितले, “अरे बाळ, फोन लागत नाही एवढंच ना? मग फोन लावा की! मला कशाला हलवता?”

या प्रश्नाला आम्हा शिकल्यासवरल्या मंडळींपाशी उत्तर नव्हते. तेव्हा गणपतीच्या सुट्टीत मी चार दिवस साखरखेर्ड्याला गेलो, तो हे उत्तर शोधण्यासाठी.

मावशीचे घर जुन्या पद्धतीचे. पांढऱ्या मातीच्या दीडदोन हात रुंद भिंती, आणि पूर्वी वर माळवद होते. ते गळू लागले तेव्हा त्यावर लोखंडी पत्रे टाकले. घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण मोबाइलच्या दृष्टीने म्हणाल तर शुद्ध तिजोरी. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३६ साली दाखवून दिले होते, की चहूबाजूंनी धातूने मढवलेल्या खोलीत बाहेरची वीज शिरत नाही. रेडिओलहरींचेही तसेच आहे. पत्र्यावर त्या आपटतात आणि परत फिरतात. राहिलेल्या भिंतीतून येऊ पाहतात, तर पावसाळ्यात ओल धरलेली माती त्यांना पिऊन टाकते.

हे दुखणे एकट्या मावशीचे नाही. इंग्लंडात जुन्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नावांत बिऱ्हाड करून राहणारी कुटुंबे आहेत. या नावा पोलादी. आत चूल, बिछाना, पुस्तके सारे असते. नसते ती रेंज. ती मंडळी काय करतात? पोलादाशी भांडत बसत नाहीत. नावेच्या टपावर अँटेना उभी करतात, तिची तार आत घेतात, आणि आत लहानसे वायफायचे यंत्र ठेवतात. लहरींना भिंतीतून ओढून आणण्यापेक्षा बाहेरच गाठून तारेने हाताला धरून आत आणायचे, हे त्यातले मर्म. मावशीचे घर ही साखरखेर्ड्याच्या बोळात नांगरलेली नावच नव्हे काय?

उपाय करण्यापूर्वी रोग मोजला पाहिजे. फोनवर दिसणाऱ्या चारपाच काड्यांवर विसंबू नये. त्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने दाखविते. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत शिरले की, एक उणे आकडा दिसतो. त्याला ‘डीबीएम’ म्हणतात. उणे ८५ म्हणजे प्रकृती उत्तम; उणे १०५ म्हणजे अशक्तपणा; उणे ११५ च्या खाली गेले की, रोग्याने आशा सोडावी. यातील मेख अशी, की दहाने आकडा घसरला म्हणजे शक्ती एकदशांश होते. मी वही घेऊन घरभर फिरलो. ओट्यावर उणे ९५, ओसरीत उणे १०४, माजघरात उणे ११८. म्हणजे ओट्यापासून माजघरापर्यंतच्या पंधरा पावलांत सुमारे दोनशेपटीने शक्ती नाहीशी झाली. मनोऱ्याचा काही दोष नव्हता. घरच आड येत होते.

लहरींचीही जात असते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब. ती दूर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते. २३०० मेगाहर्ट्झची लहर १३ सेंटिमीटरची. ती माल पुष्कळ वाहते, पण भिंत दिसली की दमते. म्हणून एकाच खोलीत एका कंपनीचे सिम चालते आणि दुसरीचे चालत नाही. दोन दिवस शेजाऱ्यांचे फोन उसने घेऊन तपासावे, मगच सिम निवडावे. यास एक पैसा खर्च येत नाही.

माझे हे उपद्व्याप पाहून तालुक्याच्या एका दुकानदाराने एक डबा दाखविला. “साहेब, हा बूस्टर लावा, घरभर काड्याच काड्या!” वाचकहो, या डब्याच्या वाटेला जाऊ नका. परवान्याशिवाय असला बूस्टर बसविणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. आणि कायदा सोडला तरी त्यात शेजारधर्माचा प्रश्न आहे. हा डबा लहरींबरोबर गोंगाटही वाढवून मनोऱ्याकडे फेकतो. सभेत एक जण भोंगा लावून बोलू लागला, तर बाकीच्यांचे कुणाला ऐकू येणार? आपल्या घरात चार काड्या येतात आणि आळीतल्या दहा घरांतल्या जातात. फोनच्या पाठीवर चिकटवायच्या सोनेरी पट्ट्या विकतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. त्या चिकटतात, एवढाच त्यांचा गुण!

राजमार्ग निराळा आहे. सिम घालता येते असा राउटर मिळतो. त्यातही पाठीमागे बाहेरची अँटेना जोडण्याच्या दोन खाचा असलेला घ्यावा. मावशीच्या छपरावर जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाचा लोखंडी खांब अजून ताठ उभा होता. वर माशाच्या काट्यासारखी जी अँटेना असे, ती जपानमधील उडा आणि यागी या प्राध्यापकांची १९२० नंतरच्या दशकातली करामत. आज मोबाइलसाठी मिळणारी दिशादर्शक अँटेना तिचीच नात म्हणावी. एका दिशेकडे कान देऊन ऐकते; म्हणून दुबळी लहरही आठदहापट मोठी होऊन येते. अशा दोन अँटेना आम्ही त्याच खांबावर एकमेकींशी काटकोन करून तिरप्या बसविल्या. कारण ४जीचा मनोरा एकाच वेळी दोन प्रवाह पाठवितो, आणि दोन हातांनी घेतले तर पदरात दुप्पट पडते.

तारेच्या बाबतीत कंजुषी करू नये. साध्या बारीक तारेत दहा मीटरांत जवळजवळ तीनचतुर्थांश शक्ती वाटेतच सांडते. छपरावर मिळविलेले जिन्यात गमवायचे, तर चढलो कशाला? जाड तार घ्यावी आणि आखूड ठेवावी. म्हणून राउटर माजघरात न नेता आम्ही ओसरीच्या देवळीत ठेवला. पत्र्यापासून तेथवर चार मीटर तार पुरली. पुढे माजघरापर्यंत वायफाय दाराच्या चौकटीतून आपल्या पायांनी जाते.

आता दिशा. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा छपरावर, मी अंगणात आकडे वाचीत उभा, आणि ओट्यावर निम्मी आळी जमलेली. “आता?” “नाही!” “आता?” “थोडं डावीकडे!” छायागीताच्या दिवसांत असेच ओरडत असू, फरक एवढाच, की तेव्हा मुंग्या पाहायच्या आणि आता आकडे. जवळचा मनोरा गावाच्या पलीकडच्या अंगाला; पण मध्ये एक दुमजली इमारत आणि मोठा पिंपळ. माळावरचा दूरचा मनोरा मात्र छपरावरून स्वच्छ दिसत होता. तिकडे तोंड करताच आकडा उणे ८८ वर आला. जवळच्यापेक्षा उघडा बरा! शिवाय गावातला मनोरा संध्याकाळी सगळ्या गावाच्या सिनेमांनी दमलेला असतो. गर्दीवर कुठल्याही अँटेनाचा इलाज चालत नाही.

दोन पथ्ये सांगतो. आपल्या भागात वळवाच्या पावसात वीज पडते. छपरावर लोखंडी खांब उभा करायचा तर त्याला जमिनीत उतरणारी अर्थिंगची जाड तार हवीच, आणि गडगडू लागले की राउटरच्या पिना काढून ठेवाव्यात. दुसरे पथ्य लोडशेडिंगचे. राउटरसाठी वितभर आकाराची बॅटरी मिळते. वीज गेल्यावरही तो दोनतीन तास जागा राहतो. सारे मिळून खर्च नऊ हजारांच्या आत झाला. पुण्याला एक खोली वाढवायची म्हटले तर दरवाज्याचेही पैसे होणार नाहीत.

शेवटची गुरुकिल्ली फोनमध्येच असते. ‘वायफाय कॉलिंग’ नावाचे एक बटण आहे. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे ही सोय सुरू झाली. ते चालू केले की, मनोऱ्याची रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीच्या नंबरावर साधा फोन येतो नि जातो. मावशीला नवे काही शिकावे लागले नाही. फोन उशाशीच राहिला. तो आता वाजू लागला, इतकेच.

आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्याला तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखविली, तेव्हा टाउन हॉलातले लोक थक्क झाले होते. माजघरातला फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा मावशीचा चेहरा तसाच झाला. पलीकडून मुलगी विचारीत होती, “आई, कुठून बोलतेस? अंगणातून?” मावशी म्हणाली, “नाही गं, अंथरुणातून!” दोघी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी अँटेनाची तार उगाच पुन्हा तपासायला गेलो.

पण खरी गंमत मी परत आल्यावर झाली. देवळीतल्या राउटरची वार्ता आळीत पसरली. प्रवेशाचे अर्ज भरणाऱ्या मुली ओसरीत येऊन बसू लागल्या. २०२१ पासून शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’च्या अ‍ॅपवर स्वतः करावी लागते, तेव्हा शेतातून दमून आलेले दोघेतिघे ओट्यावर टेकतात आणि अडलेले काम पुरे करतात. लहान मुलांना मावशीने नियम घालून दिला आहे: पंधराचा पाढा म्हटल्याशिवाय पासवर्ड नाही. सिमचा रोजचा साठा संध्याकाळी संपतो, अशी तिची तक्रार आहे. पण तक्रारीचा सूर तक्रारीचा नाही. श्रावणात जिच्याकडे दोन दिवस कुणी फिरकले नाही, तिच्या ओसरीत आता दिवसातून दहा माणसे डोकावतात. हे काम अँटेनाचे नव्हे. पण अँटेनाच्या निमित्ताने झाले खरे.

मावसभावंडांनी पुण्याला आणण्याचा बेत एक वर्ष पुढे ढकलला आहे. पुढे काय होईल ते वय आणि प्रकृती ठरवील. यंत्र काही म्हातारपण थांबवीत नाही, आणि फोन लागतो म्हणून भेटीला जाणे टाळले तर त्या यंत्राचा उपयोग काय? मात्र आईने घर सोडावे की नाही, हा प्रश्न निदान पत्र्याने ठरवू नये.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत गावी जाल तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर एवढे काम करा. आईच्या अंथरुणापाशी बसून तो उणे आकडा पाहा. मग ओट्यावर या आणि पुन्हा पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहा, वायफाय कॉलिंगचे बटण शोधून ठेवा, आणि छपरावर जुना खांब शाबूत आहे का, तेही बघून या. बाकीचे काम चार दिवसांचे आहे, आणि शेजारचा मुलगा छपरावर चढायला एका पायावर तयार असतो.