एक वर्ग, अनेक मुले

शाळेविषयी बोलणे निघाले म्हणजे सुशिक्षित घरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. ‘आमचा मुलगा हुशार, पण वर्गात नाना तऱ्हेची मुले. मागे पडणाऱ्यांसाठी गुरुजी थांबतात आणि आमच्याचा वेळ फुकट जातो. मंद मुलांचा वर्ग निराळा का करीत नाहीत?’ ही काळजी खरी आहे. तिच्यावर सुचविलेला उपाय मात्र चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे जालना जिल्ह्याच्या उदाहरणावरून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा जिल्हा स्वतंत्र झाला १ मे १९८१ रोजी. परंतु १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास पुढे गणित-इतिहासदेखील परक्या शब्दांतून शिकावे लागे. उत्तर ठाऊक असूनही ज्यास शब्द सापडत नसे, तो ‘ढ’ ठरे. त्या मुलांत बुद्धीची वाण नव्हती. मुलगा आणि धडा यांच्यामध्ये जे अंतर होते, त्याचा दोष मुलाच्या माथी बसत होता, इतकेच. मराठवाड्यातील जुन्या घरांनी तरी हे विसरू नये.

आज तेच अंतर दुसऱ्यांच्या वाट्यास आले आहे. तांड्यावरून येणारे बंजारा मूल घरी आईस ‘याडी’ म्हणते, भाकरीस ‘बाटी’ म्हणते. पहिलीचे मराठी पुस्तक त्यास अर्धे परकेच वाटते. मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील किती तरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. त्यांच्यासोबत गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. एखाद्यास कमी ऐकू येते, एखाद्यास अक्षरे उलटसुलट दिसतात. ही सारी मुले एकाच सतरंजीवर बसलेली असतात.

यांच्या हक्काविषयी कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास अनुरूप अशाच वर्गात घ्यावयाचे व मागे राहिलेला भाग विशेष शिकवणीने भरून काढावयाचा. दिव्यांगांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने त्यांना इतर मुलांसोबत शिकण्याचा हक्क दिला. पण कायदा मुलास दारातून आत आणतो. धडा त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकाचेच काम.

ते कसे करावे? एकत्र कुटुंबातील पंगत आठवावी. आजोबांस मऊ भात, लहानग्यास बिनतिखट वरण, उपवास असेल तिला निराळे ताट. तरी पंगत एकच असते. वर्गाचेही तसेच. विषय आठवडी बाजाराचा असेल, तर एकाने चिंचोके मोजून हिशेब करावा, दुसऱ्याने तो मांडून दाखवावा, तिसऱ्याने स्वतःच नवे उदाहरण रचावे. तांड्यावरील मुलांचे शब्द मराठी शब्दांशेजारी फळ्यावर लिहावे. कमी ऐकणाऱ्यास पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मुलाला ओठ दिसले पाहिजेत. वाचनाच्या तासास इयत्ता बाजूस ठेवून, ज्यास जेवढे वाचता येते त्याप्रमाणे गट पाडावे. मात्र तो गट तासापुरताच असावा; कायमचा केला की तोच शिक्का होऊन बसतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. आईबाप उसाच्या फडावर असताना मुलांस गावातच ठेवून त्यांची शाळा चालू राखणारी हंगामी वसतिगृहे याच विचाराची आहेत.

दोनच शिक्षकांनी अनेक इयत्ता सांभाळणाऱ्या खेड्यातील शाळेत हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पालकांची साथ हवी. हुशार मुलाचे यात नुकसान होते, ही भीती अनाठायी आहे. आपणांस आले असे वाटलेले गणित दुसऱ्यास समजावताना आपल्यालाच कोठे अडते, हे ज्याने अनुभविले, त्याचे ज्ञान पक्के झाले. शिवाय ज्यांच्यासोबत पुढे आयुष्य काढावयाचे, त्यांची ओळख निवडक मुलांच्या वर्गात कोठून व्हावी?

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच. मुलगा घरी आला की ‘तुझा कितवा नंबर?’ असे नित्य विचारतोच. त्यासोबत ‘आज तू कोणास काय समजावलेस, आणि कोणाकडून काय शिकलास?’ हेही विचारावे. आणि शिक्षक एखाद्या मुलासाठी थांबले, तर त्यांस घाई करू नये.