वाढत्या अंगाचं किट नको

तलवारबाजीचं किट वाढत्या अंगाचं घेऊ नये, आणि नाव घातल्याच्या पहिल्या महिन्यात तर मुळीच घेऊ नये. लातूरला शिलाईचं दुकान चालवणारी बाई म्हणून मी हे सांगते आणि दोन खेळणाऱ्या लेकरांची आई म्हणूनही. जूनमध्ये गणवेश शिवायला आलेली प्रत्येक आई म्हणते, "ताई, जरा सैलच ठेवा, दोन वर्षं गेली पाहिजेत." मीही शिवणीत माया सोडते, बाहीला आतून दुमड ठेवते. गणवेशाला ते चालतं. पण हल्ली त्याच बाया जाड पांढऱ्या कापडाचं तलवारबाजीचं जॅकेट घेऊन येतात आणि म्हणतात, बाही चार बोटं आखूड करून द्या. ते काम मी घेत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण घेत नाही.

माझं माहेर नांदेडचं. नांदेडच्या माणसाला तलवारीचं अप्रूप नसतं. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला तख्त सचखंड श्री हजूर साहिबची हल्लाबोल मिरवणूक निघते, तेव्हा गतका खेळणारी पोरं आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत मोठे झालो. एका हातात सोटी, दुसऱ्या हातात फरी, अंगात साधा चोला. हाच गतका 2023 मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. माझी लेकरं खेळतात ती तलवारबाजी मात्र वेगळी. ती ऑलिंपिकची, युरोपातून आलेली. तिच्यात टोक अंगावर घ्यायचं असतं, म्हणून अंगावर काय घातलंय याला पहिला मान.

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असल्यामुळे हा खेळ आमच्या भागात घरोघरी पोचला. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण ही दोन कारणं पालक उघडपणे सांगतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण आमच्या खरेदीच्या सवयीत आहे. लातूर पॅटर्नचं गाव. इथं अकरावीला प्रवेश झाला की त्याच संध्याकाळी पुस्तकांचा सगळा संच, नोट्स, दप्तर, टेबल-लॅम्प घरात येतो. सगळं आणून ठेवलं म्हणजे अभ्यास झालाच, अशी समजूत. खेळातही तेच. लेकरू मैदानावर दोनदा जाऊन आलं की बाप विचारतो, "पूर्ण सेट केवढ्याला बसेल?"

पूर्ण सेट म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. तलवारी तीन: फॉईल, ईपी आणि सेबर. फॉईलमध्ये फक्त धडावर टोक लागलेलं मोजतात, ईपीत डोक्यापासून पायापर्यंत कुठंही, सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि तिथं टोकाबरोबर धारेचा वारही चालतो. फॉईल आणि सेबर खेळणाऱ्याला नेहमीच्या जॅकेटवर धातूच्या धाग्यांचं लॅमे जॅकेट चढवावं लागतं, म्हणजे वार लागला की यंत्रावर दिवा पेटतो. ईपीला लॅमे लागत नाही. सेबरला मास्कही वीज वाहून नेणारा लागतो. म्हणजे लेकराचं हत्यार ठरण्याआधी घेतलेला सेट निम्मा वाया जाऊ शकतो. आणि हत्यार ठरायला वेळ लागतो. कुणाचे पाय चपळ, कुणाला वाट बघता येते, कुणाला येत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक वेळा मैदानावरचे सर जे शिकवतात तेच हत्यार लेकराच्या वाट्याला येतं.

मग सुरुवातीला घ्यायचं काय? पहिले काही आठवडे पायांचेच. पुढे, मागे, लंज, परत. त्याला ट्रॅक पँट आणि तळ न घसरणारे बूट पुरतात. हातात तलवार आली की पहिली स्वतःची वस्तू हातमोजा, कारण तो दुसऱ्याच्या घामाचा वापरवत नाही आणि फार महाग नसतो. त्यानंतर प्लास्ट्रॉन, म्हणजे जॅकेटच्या आत तलवारीच्या हाताकडची बगल आणि छाती झाकणारं अर्धं अंगरखं. मुलींना छातीचं कडक कवचही स्वतःचंच हवं. जॅकेट, पँट आणि मास्क क्लबचे वापरावेत, लेकरू एक हंगाम टिकेपर्यंत. लॅमे आणि विजेची तलवार सगळ्यात शेवटी. लहान लेकरांना पातंही छोटं, 0 किंवा 2 नंबरचं लागतं. मोठ्यांचं 5 नंबरचं पातं 'पुढं उपयोगी पडेल' म्हणून आताच देणं म्हणजे मनगट बिघडवणं.

माझ्या या म्हणण्याला जपानचा आधार आहे. तिथल्या केंडोत कवचाला बोगु म्हणतात. डोक्याला मेन, हातांना कोते, धडाला दो, कमरेखाली तारे, असे त्याचे चार भाग. हातात शिनाई, म्हणजे बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली तलवार. नवा विद्यार्थी आधी नुसती शिनाई घेऊन पावलं टाकायला आणि हात उचलायला शिकतो. बोगु अंगावर चढवायचं ते गुरू म्हणतील तेव्हा, आणि पहिलं बोगु बऱ्याचदा क्लबचंच. हे बोगु बघताना माझ्यातली शिंपीण मेनच्या कापडावर खिळली होती. गादीसारख्या त्या कापडावर शिवणीच्या समांतर ओळी घालतात आणि दोन ओळींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून भाव ठरतो. हाताची, दाट शिवण सगळ्यात महाग. पण नवख्याला मशीनवर शिवलेलं, 5-6 मिलिमीटरचं जाडसर मेन पुरतं, मार खायलाही तेच बरं. नवख्यानं बघायचं ते एवढंच की हनुवटी आपल्या जागी बसते का आणि डोळे योग्य फटीतून बघतात का. महागाचा नंबर त्यानंतर. आपल्या तलवारबाजीलाही हाच हिशेब लागू आहे.

आता मापाकडे येऊ. स्पर्धेच्या नियमात प्लास्ट्रॉनला बगलेत शिवण चालत नाही. तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हा नियम वाचून हसू आलं, कारण बगलेतली शिवण सगळ्यात आधी उसवते हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. जॅकेट पँटवर किमान 10 सेंटिमीटर आलं पाहिजे, तेही गुडघे वाकवून पवित्र्यात उभं असताना. दुकानात ताठ उभं राहून घातलं तर सगळीच जॅकेटं मापाची वाटतात. म्हणून लेकराला खाली बसवून, हात पुढे ताणून बघा. कंबर उघडी पडली तर ते जॅकेट ठेवून द्या. हातमोज्याची बाही जॅकेटच्या बाहीवरून मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत यायला हवी, नाहीतर पातं बाहीत शिरतं. सैल जॅकेटला पोटाशी चुण्या पडतात आणि टोक घसरून जाण्याऐवजी चुणीत अडकतं. माझा धाकटा डावखुरा आहे. त्याच्या जॅकेटची चेन उजवीकडे लागते, प्लास्ट्रॉन डाव्या बगलेचं आणि हातमोजा डाव्या हाताचा. 'सगळ्यांना चालतं' म्हणून एकगठ्ठा आलेल्या सेटमध्ये डावखुऱ्याचा विचार कुणी केलेला नसतो.

बाही आखूड का करत नाही, त्याचंही उत्तर इथंच आहे. चांगल्या जॅकेटच्या आत पट्टीवर 350 किंवा 800 असा आकडा असतो. कापड किती न्यूटनपर्यंतचा जोर फाटल्याशिवाय सोसतं, त्याचा तो आकडा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला 800 लागतात, आणि प्लास्ट्रॉन तर सरावालाही 800 चंच घ्यावं. मी ती बाही उसवून माझ्या साध्या दोऱ्यानं पुन्हा शिवली की त्या शिवणीपुरता आकडा खोटा ठरतो. काही स्वस्त जॅकेटांना आत पट्टीच नसते. ते कापड ब्लाउजच्या अस्तरापेक्षा जाड असेल, पण त्याची हमी कुणी घेतलेली नसते.

जिथं काटकसर अजिबात नको, ती वस्तू मास्क. 1982 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह खेळत होता. दोन वर्षांपूर्वीच मॉस्कोत त्यानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेलं. समोरच्या जर्मन खेळाडूचं पातं मोडलं आणि तुटकं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांत तो गेला. आज मास्क, कापड आणि पात्यांचं पोलाद यांचे जे कडक नियम आहेत, त्यांना या घटनेनंतर वेग आला. म्हणून क्लबचा मास्क वापरायला हरकत नाही, पण आधी हातात घेऊन उजेडासमोर धरा. जाळीला खळगा आहे का, आतून गंज धरलाय का, गळ्याखालची झालर उसवलीय का, मागची पट्टी डोक्याला घट्ट बसते का. मोठ्या स्पर्धांत जाळी 12 किलोच्या दाबाच्या टोच्यानं तपासतात. तालुक्याच्या मैदानावर ते यंत्र नसतं, डोळे असतात.

लॅमे घेतलं असेल तर एक घरगुती गोष्ट. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्याकडे सराव संपेपर्यंत जॅकेट पिळून निघतं आणि घामाचा क्षार धातूचा धागा खातो. बोअरच्या जड पाण्यात, निरम्यात बुडवून, पिळून दोरीवर टाकलं तर काही धुण्यांतच दिवा पेटायचा बंद होतो. फिल्टरचं कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, घडी घालायची नाही, सावलीत हँगरला. कोणत्याही दोन टोकांमधला रोध 5 ओहमच्या आत असायला हवा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा मीटर लावून बघता येतं.

आता मूळ प्रश्न. हा सगळा खर्च पालकानंच का करायचा? सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे आणि बाजारात तेवढा पदरात पडेलच याची खात्री अहमदपूर-लोह्याच्या शेतकऱ्याला नसते. त्याच्या मुलीला खेळायचं असेल तर तिच्या वाटेत किटची किंमत उभी राहू नये. चेन्नईच्या भवानी देवीनं 2004 मध्ये शाळेत तलवारबाजी सुरू केली, तेव्हा तिचा सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर झाला. टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. काठ्यांवर पाय तयार होतात, हे खरं. पण स्पर्धेच्या दिवशी कवच लागतंच, आणि ते तिथं हजर असलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हा नियोजनाच्या पैशातून नांदेड-लातुरात खुल्या व्यायामशाळांची यंत्रं बागांमधून उभी राहिली. त्याच पैशातून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका शाळेत किटची पेढी करावी: निरनिराळ्या मापांचे मास्क, उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांची जॅकेटं, थोडी लॅमे, आणि दरवर्षी जूनमध्ये त्यांची तपासणी. लेकरू वाढलं की जॅकेट परत, पुढच्या मापाचं घेऊन जा. ग्रंथालयाची वर्गणी असते तशी वर्गणी घ्या, पालक देतील. गावोगावच्या शिवणकाम करणाऱ्या बायांना तपासणीला बोलवा. उसवलेली शिवण त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

काही जण म्हणतील, स्वतःचं किट असलं की लेकरू मन लावून खेळतं. दोन-चार दिवस खेळतंही. पण पैसे घातले म्हणून लेकराला खेळत ठेवणं हा खेळ नव्हे, वसुली आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. शिकवणारा माणूसच किट विकत असेल आणि पहिल्याच आठवड्यात यादी हातात देत असेल, तर तो सल्ला दुकानदाराचा समजावा. अशी एक यादी माझ्याही हातात पडली होती; त्यात मापाचा रकानाच नव्हता.

पैसे मोजण्याआधी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. माझ्या लेकराच्या मापाचा मास्क क्लबकडे आहे का? तो शेवटचा कधी तपासला? हत्यार कोणतं आणि ते कशावरून ठरवलं? जॅकेटवरचा आकडा किती? या चारांची सरळ उत्तरं जिथं मिळतात, तिथं लेकराला साध्या ट्रॅक पँटवर बिनधास्त पाठवा. जिथं मिळत नाहीत, तिथं नवंकोरं जॅकेट घालूनही पाठवू नका.