विश्लेषण : स्तन-इम्प्लांट फुटले तरी कळत का नाही?

फ्रान्समधील ‘पीआयपी’ कंपनीच्या स्तन-इम्प्लांटची विक्री तेथील नियामकांनी २०१० मध्ये थांबवली, तोवर जगभरातील सुमारे तीन लाख महिलांच्या शरीरात ती बसवली गेली होती. त्यांत वैद्यकीय वापरासाठी मान्यता नसलेले, औद्योगिक दर्जाचे स्वस्त सिलिकॉन भरलेले आढळले. संस्थापक ज्यां-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणामुळे एक समज मात्र पक्का झाला, की गळती बनावट मालाचीच होते. वस्तुस्थिती अशी, की उत्तम दर्जाचे इम्प्लांटही आयुष्यभर टिकेल असे नाही.

गळती कशामुळे?

इम्प्लांटचे आवरण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी दुमडत राहिले की तेथे झिजते. शस्त्रक्रियेत लागलेली सुई, छातीवर बसलेला जोराचा मार हीही कारणे असतात. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फुटले तर पाणी शरीरात शोषले जाते आणि काही दिवसांतच स्तन लहान दिसू लागतो. सिलिकॉनचे तसे नाही. घट्ट जेल इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेल्या वेष्टणातच अडकून राहते. अनेकदा दुखत नाही, आकारही बदलत नाही. हाताने तपासून डॉक्टरांनाही कळेलच असे नाही. त्यामुळेच काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असे अमेरिकेच्या ‘एफडीए’चे म्हणणे आहे.

स्राव म्हणजे गळती?

बहुतेक वेळा नाही. इम्प्लांट दुग्धग्रंथींच्या किंवा स्नायूच्या मागे असते. स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावामागे सहसा दुग्धनलिकांचे विकार, संप्रेरकांतील बदल किंवा एखादे औषध असते. एकाच बाजूने, आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव ‘इम्प्लांटमुळे असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे. तेथे कर्करोगाची तपासणी हवीच. टाक्यांतून पू येत असेल तर तो जंतुसंसर्ग. अनेक वर्षांनी इम्प्लांटभोवती अचानक पाणी साचून एक स्तन सुजला, तर ते पाणी प्रयोगशाळेत तपासावे लागते. एका दुर्मीळ लिम्फोमाची ती खूण असू शकते.

यातले बरेचसे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगता येण्यासारखे आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यावर इम्प्लांट बसवणाऱ्या महिलेला तर पुढच्या तपासण्यांचा आणि इम्प्लांट बदलावे लागल्यास त्याचा खर्च आधी कळलाच पाहिजे. आज तो अनेकींना इम्प्लांट फुटल्यावर कळतो.