अक्षरे पंचेचाळीस, अर्थ किती?

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आमच्या शाळेत एक गमतीची स्पर्धा झाली. इंग्रजीतील लांबात लांब शब्द फळ्यावर न चुकता लिहून दाखवावयाचा, एवढीच तिची अट. इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने खडू उचलला आणि एका दमात ४५ अक्षरांचा शब्द लिहून टाकला. चूक एकही नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पारितोषिक अर्थातच त्याला मिळाले. परीक्षक या नात्याने मी सहज विचारले, "बाळ, या शब्दाचा अर्थ काय रे?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "सर, अर्थ विचारणार असे सांगितले नव्हते!"

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. परंतु घरी परतताना ते उत्तर काही केल्या मनातून जाईना. त्या उत्तरात आपल्या इंग्रजी शिकण्याच्या रीतीचे सारे मर्म आले आहे, असे मला वाटू लागले.

लांब व चमत्कारिक शब्दांची आवड असणे यात गैर काही नाही. भाषा ही खेळण्याचीही वस्तू आहे. इंग्रजीत 'ॲब्स्टीमियस' म्हणजे मिताहारी आणि 'फसीशस' म्हणजे थट्टेखोर. या दोन शब्दांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर त्याच क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच येतात. उलट 'स्ट्रेंग्थ्स' या शब्दात अक्षरे नऊ, पण स्वर एकच! अशा गमती शोधताना अक्षरांशी मैत्री जडते. ती जडावी, असेच मी म्हणेन.

तथापि शब्दांची लांबी मिरविणे निराळे आणि शब्द जाणणे निराळे. शेक्सपिअरने हा भेद पुरता ओळखला होता. त्याच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या नाटकात शब्दांचा फुलोरा उधळणारे दोन पंडित आहेत. त्यांची बडबड ऐकून कॉस्टर्ड नावाचा अडाणी विदूषक एक २७ अक्षरांचा लॅटिन शब्द उच्चारतो आणि एका चिमुकल्या पोराच्या उंचीची त्या शब्दाशी तुलना करतो. 'ऑनोरिफिकाबिलिट्युडिनिटाटिबस' हा तो शब्द. मान मिळण्याची पात्रता, असा त्याचा भाव. त्यात एक व्यंजन, एक स्वर अशी अक्षरांची माळ शेवटपर्यंत अखंड चालते. नाटककाराने सर्वांत लांब शब्द विद्वानाच्या नव्हे, तर विदूषकाच्या तोंडी घातला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या शब्दाकडे वळू. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा तो शब्द. पाहताच छाती दडपते. परंतु 'पीतांबर' हा शब्द समोर आला म्हणजे आपण काय करतो? 'पीत आहे अंबर ज्याचे तो' असा विग्रह करतो. तीच युक्ती येथे योजून पाहा.

आरंभीचा 'न्यूमोन' फुप्फुसाचा वाचक आहे. 'न्यूमोनिया' हा आजार आपणास ठाऊक आहे, तोच हा शब्द. हवा भरलेल्या टायरला 'न्यूमॅटिक' म्हणतात. या सर्वांच्या आरंभी पी, एन, ई, यू ही अक्षरे समान आहेत. उच्चारात नसलेला पी लिहावयाचा कशासाठी, अशी आपली नित्याची तक्रार असते. मूळ ग्रीक शब्दात तो उच्चारला जात असे. इंग्रजीने उच्चार टाकला, पण अक्षर जपले. घराण्याचे आडनाव जपावे तसेच हे आहे. 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडचे. 'मायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसेल इतके बारीक. 'सिलिको' म्हणजे सिलिका, वाळूत व गारगोटीत असणारा पदार्थ. 'व्होल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी. 'कोनि' हे ग्रीक भाषेतील धुळीचे नाव, आणि 'ओसिस' म्हणजे विकार. 'ट्युबरक्युलोसिस'च्या अखेरीस तीच अक्षरे आहेत. सारे जोडले की अर्थ होतो : ज्वालामुखीची, सिलिकायुक्त, अतिसूक्ष्म धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार. सात तुकड्यांपैकी चार-पाच तरी आपल्या परिचयाचेच निघाले!

हा शब्द वैद्यांच्या गरजेतून जन्मलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडी सोडविणाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो १९३५ साली केवळ लांबीसाठी जुळविला. डॉक्टर मंडळी अशा विकाराला नऊ अक्षरांत 'सिलिकोसिस' म्हणतात आणि कामाला लागतात.

आणि येथेच गंमत संपते. शब्द कोड्यासाठी जुळविलेला असला, तरी रोग खरा आहे. तो होण्यास ज्वालामुखीची जरुरी नाही. दगडाच्या खाणीत, खडी फोडण्याच्या कामावर, जेथे जेथे सिलिकायुक्त धूळ उडते, तेथे तो मजुरांना गाठतो. आपल्या इंदूरहून फार दूर नसलेल्या मंदसोरचेच उदाहरण घ्या. पाटीवर लिहावयाच्या पेन्सिली दगड कापून तयार करण्याचा धंदा तेथे अनेक वर्षे चालत आला. कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील कित्येक कामगारांना ऐन उमेदीत सिलिकोसिस जडला. शेवटी १९८२ साली मध्य प्रदेशात या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. धूळ पाण्याने दाबली, ती ओढून नेणारी यंत्रे बसविली, तर हा रोग टाळता येतो. एकदा जडल्यावर मात्र त्याने फुप्फुसाचे केलेले नुकसान भरून येत नाही.

विचार करा, आपल्यापैकी कित्येकांनी, निदान आपल्या आईवडिलांनी, पहिला 'श्री' ज्या पेन्सिलीने गिरविला, तिच्या धुळीचे नाव त्या ४५ अक्षरांत दडलेले होते. आमच्या विद्यार्थ्याने ते नाव बिनचूक लिहिले. आम्ही टाळ्या वाजविल्या. पण त्या नावामागे धापा टाकणारा माणूस त्यालाही दिसला नाही आणि आम्हालाही नाही. दोष त्याचा नव्हे. अर्थ विचारण्याची अट आम्हीच घातली नव्हती.

कोणी म्हणेल, "परीक्षेत गुण शुद्धलेखनाला मिळतात, धात्वर्थाला नव्हे; मग हा खटाटोप कशाला?" याचे उत्तर व्यवहाराचेच आहे. पाठ केलेली ४५ अक्षरे महिनाभरात विसरतात. ओळखलेले सात तुकडे मात्र पुढे पन्नास शब्दांचे दरवाजे उघडतात. मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजीचे भय वाटते, असे पालक वारंवार सांगतात. माझ्या मते हे भय इंग्रजीचे नाही, विग्रह न केलेल्या शब्दांचे आहे. आणि विग्रहाची विद्या तर आपण मराठी-संस्कृतच्या तासाला रोज शिकतो. ती इंग्रजीच्या तासाला बाकाखाली ठेवून देण्याचे कारण काय?

म्हणून माझी सूचना अशी की, यंदाही ही स्पर्धा अवश्य व्हावी. लांब शब्द खुशाल लिहावेत. मात्र निम्मे गुण लेखनाला आणि निम्मे गुण विग्रहाला व अर्थाला असावेत. गतवर्षीच्या विजेत्याला ही सूचना मी बोलून दाखविली. तो म्हणाला, "मग सर, यंदा मी नऊ अक्षरांचाच शब्द लिहीन."

त्याला पारितोषिक मिळो वा न मिळो, माझ्या लेखी तो उत्तीर्ण झाला आहे.