शंभर खुर्च्या आणि एक गायक

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात साराटोगा स्प्रिंग्ज नावाचे एक लहानसे शहर आहे. घोड्यांच्या शर्यती आणि औषधी पाण्याचे झरे यांसाठी ते एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. याच शहरातील फिला स्ट्रीटवर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ‘कॅफे लेना’ आहे. तिला नाट्यगृह किंवा सभागृह म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती एक खोली आहे. २०१६ साली तिचे नूतनीकरण झाले, त्यानंतरही तिथे ११० च्या आसपासच माणसे बसू शकतात. या खोलीच्या आगामी कार्यक्रमांचे पत्रक आम्ही अधूनमधून वाचत असतो. फोक, ब्लूज, रूट्स अशा शीर्षकांखाली गायक-वादकांची नावे, तारखा आणि तिकिटांचे दर, एवढाच त्यातील मजकूर. बहुतेक नावे आम्हांला अपरिचित असतात. तरीही हे पत्रक वाचताना मराठी लोकसाहित्याविषयीचे आमचे काही जुने समज डळमळीत झाले. त्यासंबंधीच हे टिपण.

१९६० च्या मे महिन्यात लेना आणि बिल स्पेन्सर या दांपत्याने हे कॉफीगृह सुरू केले. काही काळातच बिल निघून गेला आणि लेनाने ही खोली एकटीने, १९८९ साली तिचा मृत्यू होईपर्यंत चालवली. १९६१ साली बॉब डिलन नावाचा एक विशीतला मुलगा येथे गाऊन गेला, तेव्हा श्रोत्यांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही असे सांगतात. आम्हांला या गोष्टीचे महत्त्व डिलनपुरते वाटत नाही. ज्याच्याकडे लक्ष दिले गेले नाही, त्यालाही गाण्याची जागा मिळाली, हे महत्त्वाचे. लेनाच्या पश्चात ही खोली ना-नफा संस्था म्हणून चालू आहे आणि साठ वर्षांहून अधिक काळ तिथे गाणे होत आले आहे. त्याच गावात १९६६ साली एक भव्य खुले रंगमंदिर उभे राहिले. त्यात छताखाली पाच हजारांहून अधिक आसने आहेत, शिवाय मागच्या हिरवळीवर कित्येक हजार माणसे बसतात. त्या रंगमंदिरामुळे ही खोली बंद पडली नाही, आणि या खोलीनेही कधी रंगमंदिर होण्याची आकांक्षा धरली नाही.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. आमच्यापैकी एकजण लोकसाहित्य शिकवतो, दुसरी आधुनिक कविता. या पत्रकावरून आमच्यात पुष्कळ वाद झाला आणि त्यातील दोन आक्षेप येथे मांडणे आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा. लोकगीत हे त्याच्या संदर्भात जिवंत असते. जात्यावाचून ओवी नाही, कुळाचारावाचून गोंधळ नाही. तेव्हा तिकीट काढून, कॉफीचा पेला हातात धरून जे ऐकले जाते त्याला ‘फोक’ म्हणणे म्हणजे आत्मवंचना होय. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा अनुभव काही वेगळेच सांगतो. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी ओव्या बायांच्या मुखात राहिल्या. २०१७ पासून या ओव्या ‘पारी’च्या संग्रहात ऐकायलाही मिळतात. ज्या श्रमातून गाणे जन्मते तो श्रम संपला की गाणे संपतेच असे नाही. मात्र ते ऐकणारे कुणीतरी लागते. मिसिसिपीतील शेतमजुरांच्या आरोळ्यांशी ब्लूजचे नाते आहे. पण त्या शेतावर परत जाऊन ब्लूज ऐकावे, अशी अपेक्षा कुणी शहाणा माणूस करणार नाही. गाण्याचा उगम जिथे झाला ते ठिकाण अनेकदा दुःखाचे असते. गाणाऱ्याने त्या दुःखातच राहावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार अभ्यासकाला कुणी दिला?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘रूट्स’ म्हणजे मुळे. ही मुळे कुणाची आणि ती ‘मुळे’ आहेत हे ठरवले कुणी? १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका भरघोस खपली आणि ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांना एका नव्या ग्राहकवर्गाचा शोध लागला. त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतील गोऱ्या ग्रामस्थांसाठी ‘हिलबिली’ असे दोन कप्पे केले. प्रत्यक्षात दोन्हीकडचे वादक एकमेकांची गाणी वाजवत होते, चाली उसन्या घेत होते. वर्गीकरण संगीताचे नव्हते, कातडीच्या रंगाचे होते. ‘बिलबोर्ड’ने ‘रेस’ हा शब्द बाजूला ठेवून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले ते १९४९ साली.

पुढे सुशिक्षित गोरा श्रोता या संगीताकडे प्रेमाने वळला, तेव्हा त्या प्रेमानेही स्वतःचा एक कप्पा बनवला. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंडने आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा मोठा कार्यक्रम योजला. त्यासाठी त्याला रॉबर्ट जॉन्सन हवा होता. तो ऑगस्टमध्येच वारल्याचे कळले. त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी आला. ब्रून्झी कित्येक वर्षे शिकागोत राहून ध्वनिमुद्रिका करणारा पक्का शहरी कलावंत होता, पण श्रोत्यांपुढे त्याची ओळख करून देण्यात आली ती आर्कान्सासचा शेतकरी म्हणून. श्रोत्यांना मातीचा वास हवा होता, तो पुरवण्यात आला. मडी वॉटर्स १९५८ साली इंग्लंडमध्ये विजेची गिटार घेऊन गेला तेव्हा काही रसिक दुखावले. १९६३ साली तो साधी गिटार घेऊन परतला, तोवर तरुणांना विजेचीच हवी झाली होती. ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ दर वेळी ऐकणाराच ठरवत होता.

सर्वांत अस्वस्थ करणारी कथा सन हाउसची. १९३० साली त्याची काही ध्वनिमुद्रणे झाली होती. १९६४ साली रसिकांनी त्याला रॉचेस्टर शहरात शोधून काढले, तेव्हा गिटार सोडून त्याला कित्येक वर्षे लोटली होती. अॅलन विल्सन या गोऱ्या तरुणाने जुन्या मुद्रिका ऐकून ऐकून ती गाणी आत्मसात केली होती. त्याने सन हाउसपुढे बसून त्याचीच गाणी त्याला पुन्हा वाजवून दाखवली आणि आठवायला मदत केली. हा शोषणाचा प्रसंग म्हणावा की गुरुऋण फेडण्याचा? आमच्यात यावर एकमत झाले नाही. आम्हांला एवढेच दिसते की हे घडले तेव्हा दोन माणसे समोरासमोर बसली होती.

येथे आम्हांला आमच्याच एका अपराधाची कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात लोककला महोत्सव झाला. त्याच्या आयोजनात आम्ही दोघेही होतो. परिसरातील एका वृद्ध भारूडकाराला आम्ही निमंत्रण दिले. तो सदरा-धोतर आणि साधे उपरणे अशा रोजच्या वेशात आला. ‘जरा पारंपरिक वाटेल असे काही घाला’ असे आम्हीच त्याला सुचवले आणि भाड्याने आणलेला जरीचा फेटा त्याच्या डोक्यावर चढवला. कार्यक्रम लांबला म्हणून त्याच्या वाट्याला आठ मिनिटे आली. मंचावरील दिव्यांच्या झोतात त्याला समोरची आठशे मुले दिसत नव्हती. भारुडातला सोंगाडी श्रोत्याला नावाने हाक मारतो, टोमणा मारतो, उत्तर मागतो. त्याने एकदा-दोनदा अंधारात विचारून पाहिले, उत्तर आले नाही, आणि मग तो पाठ केल्यासारखे म्हणून मोकळा झाला. टाळ्या पुष्कळ पडल्या. निघताना तो म्हणाला, ‘‘मास्तर, म्हटलं खरं, पण कुणाला म्हटलं ते कळलं नाही.’’

या वाक्याने आमचा वाद एका वेगळ्या जागी आणून ठेवला. ‘अस्सल काय’ हा प्रश्न आम्ही गाण्याला विचारत होतो, तो श्रोत्यांच्या संख्येला आणि अंतराला विचारायला हवा होता. कॅफे लेनासारख्या खोलीत गायकाला शेवटच्या रांगेतला चेहरा दिसतो. तो गाण्याची पूर्वपीठिका सांगतो, कुणाकडून शिकलो ते सांगतो, चुकला तर हसून पुन्हा सुरू करतो. त्याला शेतकऱ्याचे सोंग घ्यावे लागत नाही, कारण इतक्या जवळून सोंग टिकत नाही. लहान खोलीत श्रोत्याचे पूर्वग्रह नाहीसे होतात असे आमचे म्हणणे नाही. पण तिथे गायक त्या पूर्वग्रहांना तोंडावर उत्तर देऊ शकतो. मोठ्या मंचावर ही सोय नाही.

आमच्या अभ्यासक्रमाचीही या निमित्ताने झडती घ्यावीशी वाटते. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, हे लक्षण आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत आलो. या लक्षणाने वामनदादा कर्डक बाहेर राहतात, कारण त्यांचे नाव ठाऊक आहे. आंबेडकरी जलशांची उभी परंपरा कधी प्रचारात तर कधी शाहिरीच्या उपप्रकारात ढकलली जाते. मिसिसिपी जॉन हर्टचेही नाव ठाऊक आहे. त्याने १९२८ साली गाणी मुद्रित केली आणि तो पुन्हा अॅव्हलॉन गावी शेतमजुरी करू लागला. १९६३ साली एका गाण्यातील गावाच्या उल्लेखावरून रसिकांनी त्याला शोधून काढले आणि १९६६ साली त्याचे निधन झाले. नाव असूनही तो ‘फोक’च्या पत्रकात सुखाने बसतो. नाव असलेला आणि तरीही समूहाचा, असा कवी समजून घेण्याची सोय आमच्या व्याख्येत नाही, हा व्याख्येचा दोष आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले. आम्ही ते वाचले. मात्र ज्या आवाजातून ते साहित्य उगवले तो आवाज आमच्या वर्गात क्वचितच ऐकवला गेला, आणि आमच्याच वस्त्यांतला आवाजही तसाच दाराबाहेर राहिला.

लहान खोलीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येणार नाही. तिचे गणित जमत नाही. शंभर खुर्च्यांच्या तिकिटांतून कलावंताचे मानधन, जागेचा खर्च आणि दिवाबत्ती भागणे कठीण. लेना स्पेन्सर आयुष्यभर पैशांच्या तंगीत राहिली. गायकांना ती आपल्या घरी उतरवून घेत असे. आज ही खोली तिकिटांबरोबर देणग्यांवरही चालते. म्हणजे ही खोली टिकायची तर तोटा सोसणारे कुणीतरी लागते. एकट्या माणसाने सोसला तर त्याचे आयुष्य त्यात खर्ची पडते. अनेकांनी वाटून घेतला तर ती संस्था होते. आपल्याकडे हा भार पूर्वी यजमानाच्या अंगणाने उचलला. घरातल्या लग्नानंतर गोंधळ घातला जाई, जागरण होई, आणि बिदागी देणारा यजमान समोरच बसलेला असे. ते अंगण आता बहुतेकांच्या घरांना उरलेले नाही, आणि त्या अंगणात कुणाला पायरीपाशीच थांबवले जाई, हेही आम्ही विसरू इच्छित नाही. म्हणून जुने अंगण परत आणा, असे आमचे मागणे नाही. तिकीट काढून कुणालाही आत येता येईल अशी खोली त्या अंगणापेक्षा एका अर्थाने अधिक न्याय्य आहे.

आमचे मागणे लहान आहे. राज्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात शंभर माणसे मावतील अशी एखादी वर्गखोली असतेच. महोत्सवाच्या मांडवावर आणि सत्काराच्या शालींवर जो खर्च होतो, त्याच्या एका हिश्श्यात त्या खोलीत महिन्यातून एक कलावंत पूर्ण दोन तास गाऊ शकेल आणि त्याला योग्य मानधन देता येईल. फेटा नको, निवेदक नको, दिव्यांचा झोत तर नकोच. वर्षाच्या आरंभी बाराही कार्यक्रमांचे पत्रक फलकावर लावावे, म्हणजे कलावंताला कुणाच्या मर्जीची वाट पाहावी लागणार नाही.

आमच्या विभागात आम्ही याची सुरुवात केली आहे. पत्रकावरचे पहिले नाव त्या भारूडकाराचेच आहे. निरोप घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने मानधनाविषयी काहीच विचारले नाही. किती माणसे असतील, एवढेच विचारले. शंभर, असे आम्ही सांगितले. मग दिसतील, असे म्हणून तो यायला कबूल झाला.