गोधडी ओली झाली म्हणून मारू नका, शुगर तपासा

आपल्या घरांत ज्याबद्दल मोठ्याने बोलत नाहीत, त्यावर या वेळी लिहीत आहोत. चार-पाच वर्षे रात्री कोरडे झोपणारे नऊ-दहा वर्षांचे मूल अचानक अंथरूण ओले करू लागते. आपल्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. भीमनगर-भावसिंगपुऱ्यात काय किंवा मुकुंदवाडीत काय, रोज गोधडी धुवायला पाणी आणायचे कुठून? मग राग मुलावर निघतो. दोन धपाटे बसतात, संध्याकाळनंतर त्याचे पाणी बंद होते. कोणी अंगारा-धुपारा सुचवते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही सुचवते, हे लिहिताना आम्हालाच लाज वाटते.

लहानपणापासून अंथरूण ओले करणारी बहुतेक मुले वाढत्या वयात आपोआप सुधारतात. पण कोरडे राहणारे मूल पुन्हा ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, खाऊनही वाळू लागले, तर तो टाइप १ मधुमेह असू शकतो. हा गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मूत्राशय भरत राहते, मूल गाढ झोपेत असते. त्याचे पाणी तोडणे म्हणजे आधीच सुकत चाललेल्या शरीराचे पाणी तोडणे.

अशा मुलाची बोटाच्या थेंबावरची तपासणी त्याच दिवशी करा. ही लक्षणे असताना साखर २०० किंवा त्याहून जास्त निघाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास, गुंगी दिसली तर थेट घाटी गाठा. तिथे उशीर जिवावर बेततो.

निदान झालेल्या तरुण मुलामुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर तर कोणीच बोलत नाही. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मूत्राशयाच्या नसा बधिर होऊ लागतात. भरल्याची जाणीव उशिरा होते, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. वारंवार जळजळ, ताप, कधी थेंब-थेंब गळणे. पुढे मूत्रपिंडालाही धोका. मुली हे आईलाही सांगत नाहीत. शाळेतल्या संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून धरतात, त्यासाठी पाणीही पीत नाहीत. आमच्या मते इथे दोष मुलीचा नाही, कडी न लावणाऱ्यांचा आहे.

जाणीव होवो न होवो, दर तीन-चार तासांनी घड्याळ पाहून जावे. उठण्याची घाई करू नये. थोडे थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. साखर ताब्यात ठेवणे हा मुख्य उपाय. जळजळ झाली तर लघवी तपासून घ्यावी, मेडिकलवरून मनाने गोळी आणू नये. इन्सुलिन तर एक दिवसही बंद करायचे नाही, मग कोणताही काढा कोणीही देऊ दे.

१९२२ पर्यंत या मुलांना वाचवणारे औषधच नव्हते. आज आहे, आणि आपल्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था अशा मुलांसाठी काम करते. तरी लोक मुलीचा मधुमेह लग्नाच्या भीतीने लपवतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि तो आपण कधी लपवला नाही. त्यांच्या चरित्रात सगळे वाचतो.

जून महिन्यात शाळा सुरू होताना वर्गशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या: या मुलाला लघवीला जाण्यापासून अडवू नये, पाण्याची बाटली जवळ राहू द्यावी. चिठ्ठी देऊनही शाळा ऐकत नसेल तर एकटी आई पाठवू नका, विहारातली चार माणसे सोबत जा.